नवे अलॉय, जुने नट : चाक नेमकं कोण धरून ठेवतं?

दसरा आणि पाडव्याच्या आसपास कोल्हापुरातल्या टायर-अलॉयच्या दुकानांत उभं राहायला जागा नसते. नवी गाडी घरी आलेली असते, लोखंडी रिम नकोशी वाटत असते, आणि चाळीस-पन्नास हजार घालून अलॉयचा, म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या चाकांचा, सेट घ्यायचं ठरतं. डिझाइनवर घरात आठवडाभर चर्चा होते. टायर कुठल्या कंपनीचा, साइज किती वाढवायची, रंग काळा की राखाडी, सगळं नीट पारखून घेतलं जातं. मग शेवटच्या पाच मिनिटांत दुकानातला पोरगा एका डब्यातून मूठभर नट काढतो, एक फिरवून बघतो आणि म्हणतो, "बसतात बघा साहेब."

बसतात हे खरं. पण बसणं आणि धरणं यात फार अंतर आहे. फाउंड्री आणि मशीनशॉपवर वाढलेल्या या शहराला ते सांगायलाच नको. उद्यमनगरातला कुठलाही टर्नर आट्यांचं माप न विचारता नट घेणार नाही. तोच माणूस स्वतःच्या गाडीच्या चाकाला मात्र मिळेल तो नट लावून घेतो, कारण त्यात विचारण्यासारखं काही असतं हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून हा लेख.

आधी एक गैरसमज दूर करू

बहुतेकांना वाटतं, गाडीचा भार त्या चार-पाच नटांवर किंवा स्टडवर, म्हणजे नट ज्यावर चढतो त्या आटे पाडलेल्या दांड्यावर, लटकलेला असतो. तसं नाही. बांधकामावर मजूर पाच-सहा विटांची आडवी रांग दोन्ही तळहातांनी दाबून उचलतो, ते आठवा. मधल्या विटांना खालून कशाचाच आधार नसतो. त्या पडत नाहीत, कारण दोन्ही बाजूंच्या दाबामुळे त्यांच्यात घर्षण तयार झालेलं असतं. दाब थोडा कमी झाला की सगळी रांग कोसळते.

चाकाचंही असंच आहे. नट आवळला की स्टड केसभर ताणला जातो. ताणलेला स्टड मागे यायला बघतो आणि चाकाला हबवर दाबून धरतो. हब म्हणजे चाक जिथे टेकतं तो फिरणारा लोखंडी भाग. चाक आणि हब यांच्या सपाट पृष्ठभागांमधलं घर्षण गाडी पेलतं, ब्रेकचा जोर सोसतं आणि खड्ड्याचा दणका झेलतं.

हा दाब किती असतो? १२ मिलिमीटरचा कोरडा, स्वच्छ स्टड टोयोटाच्या पुस्तकातल्या १०३ न्यूटन मीटरच्या पिळाने आवळला, तर एका नटामागे साधारण चार टनांचा दाब तयार होतो. चार नटांचे सोळा टन. गाडी १२०० किलोची धरली तर एका चाकावर उभा भार येतो ३०० किलो. खड्ड्यात तो काही पटींनी वाढतो, पण योग्य आवळलेल्या चाकात त्यासाठी पुरेशी शिल्लक ठेवलेली असते. नट चुकीचा असेल तर हा दाब तयारच होत नाही, किंवा तयार होऊन काही दिवसांत उडून जातो. मग चाक हबवर सूक्ष्म सरकू लागतं, स्टड प्रत्येक फेरीला वाकतो आणि सरळ होतो, आणि एक दिवस तुटतो. एक तुटला की उरलेल्यांवरचा ताण वाढतो.

गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ साली दाखवून दिलं की, जोडलेले भाग एकमेकांवर आडवे सरकू लागले की आटे आपोआप उलटे फिरतात आणि नट सुटतो. सरकणं थांबवायचं तर पुरेसा दाब हवा. नट निवडताना पुढे जे काही बघायचं, ते सगळं या दाबासाठी.

नट की बोल्ट, आणि आटे कुठले?

मारुती, ह्युंदाई, किया, होंडा, टोयोटा यांच्या गाड्यांत हबमधून स्टड बाहेर आलेले असतात आणि त्यावर नट बसतात. फोक्सवॅगन, स्कोडा, बीएमडब्ल्यू, मर्सिडीज यांच्यात हबला आटे पाडलेली भोकं असतात आणि चाकातून बोल्ट आत जातो. तुमच्या गाडीत काय आहे ते एक चाक काढलं की कळतं.

आटे सांगायची पद्धत सोपी आहे. १२ × १.५ म्हणजे स्टडची जाडी १२ मिलिमीटर आणि दोन आट्यांमधलं अंतर, म्हणजे पिच, १.५ मिलिमीटर. होंडा, ह्युंदाई, किया आणि टोयोटाच्या बहुतेक कार १२ × १.५ च्या. सुझुकीच्या, म्हणजे आपल्या मारुतीच्या स्विफ्ट-बलेनोसारख्या गाड्या १२ × १.२५ च्या. फोक्सवॅगन-स्कोडाचे बोल्ट सहसा १४ × १.५ चे.

घोटाळा होतो तो मारुती आणि बाकीच्यांत. दोन्हींची जाडी १२च. दीडच्या पिचचा नट सव्वाच्या स्टडवर पहिला एक-दोन आटे हाताने चढतोही. मग अडतो. अडला की पोरगा हवेची गन लावतो, गन आटे चिरडत नट शेवटपर्यंत नेते, आणि बाहेरून सगळं व्यवस्थित दिसतं. आत स्टडचे निम्मे आटे गेलेले असतात. एकच नियम पाळला तर हे टळतं: नट आधी बोटांनी, निम्म्याहून जास्त अंतर, सहज फिरला पाहिजे. गन त्यानंतर.

जुन्या विलीज जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असायचे. कुणाकडे ती सांभाळून ठेवलेली असेल तर डावीकडचे नट सुटत नाहीत म्हणून जोर लावण्याआधी हे लक्षात ठेवा. आजच्या कारमध्ये ती भानगड नाही.

बैठक: सगळ्यात जास्त चुकते ती हीच

नट चाकाला जिथे टेकतो त्या भागाला बैठक म्हणतात. नटाला एक बैठक असते आणि चाकाच्या भोकात तिच्याशी जुळणारी दुसरी कोरलेली असते. बैठका मुख्यतः तीन प्रकारच्या.

शंकूची, म्हणजे निमुळती. हिचा पूर्ण कोन साधारणपणे ६० अंशांचा. बाजारात मिळणारे बाहेरचे अलॉय बहुतेक याच बैठकीचे असतात. दुसरी गोल, म्हणजे चेंडूच्या पृष्ठभागासारखी वळलेली. होंडाच्या कंपनी-चाकांना ही असते, फोक्सवॅगन-स्कोडा आणि मर्सिडीजलाही. पण सगळ्यांची गोलाई सारखी नाही: होंडाची त्रिज्या १२ मिलिमीटर, फोक्सवॅगनची १३, मर्सिडीजच्या काही गाड्यांची १४. तिसरी सपाट. हिच्यात नटाला वॉशर जोडलेला असतो आणि खाली भोकात शिरणारी सरळ नळी असते. टोयोटाच्या अनेक कंपनी-अलॉयना हे नट येतात.

आता होंडा सिटीचं उदाहरण घ्या. मालकाने बाहेरचे अलॉय घेतले, त्यांची बैठक शंकूची. दुकानदार म्हणाला, कंपनीचे ओरिजिनल नट आहेत, त्याहून चांगलं काय मिळणार? तेच लावले. आटे तंतोतंत जुळतात, नट शेवटपर्यंत जातो, गन कडकड वाजते. पण गोल पृष्ठभाग शंकूत टेकतो तो एका बारीक रेघेवर. चार टनांचा दाब त्या रेघेवर. ॲल्युमिनियम त्यापुढे मऊ, म्हणून ते तिथे दबतं. ते पाव मिलिमीटर दबलं तरी स्टडचा केसभर ताण संपतो, आणि दाब गेला. नट फिरलेला नसतो, पण चाक सैल झालेलं असतं. शंकूचा नट गोल बैठकीत घातला तरी परिणाम तोच.

सपाट वॉशरवाला नट शंकूच्या भोकात गेला तर तो बैठकीला टेकतच नाही. वॉशर भोकाच्या कडांवर कसाबसा बसतो.

या चुकीचा धोका जास्त, कारण ती डोळ्याला दिसत नाही आणि हातालाही लागत नाही. आटे चुकले तर नट अडतो, निदान काहीतरी सांगतो. बैठक चुकली तर सगळं सुरळीत चाललंय असं वाटतं. म्हणूनच माझं मत ठाम आहे: नट घेताना पहिला प्रश्न आट्यांचा विचारू नका, "या चाकाची बैठक कुठली?" हा विचारा. ज्या दुकानदाराला त्याचं उत्तर देता येत नाही त्याच्याकडून अलॉय घेऊ नका, भाव कितीही कमी असो.

तपासायची पद्धत मशीनशॉपवाल्यांच्या ओळखीची आहे. नटाच्या बैठकीला प्रशियन ब्लूचा, म्हणजे जुळणी तपासायच्या निळ्या रंगाचा, पातळ हात मारा, नसेल तर मार्करची शाई चालेल. नट भोकात बसवून हाताने दाबून थोडा फिरवा आणि काढून बघा. चाकाच्या बैठकीवर सगळीकडून सारखा रुंद पट्टा उमटला तर जुळणी बरोबर. बारीक रेघ किंवा अर्धवट चंद्रकोर उमटली तर तो नट परत करा. तपासून झाल्यावर शाई पुसून घ्या.

लांबी: कमी नको, जास्तही नको

अलॉयचा मधला भाग लोखंडी रिमपेक्षा जाड असतो, त्यामुळे स्टड कमी बाहेर येतो. नटात गुंतलेली आट्यांची लांबी निदान स्टडच्या जाडीइतकी असावी, म्हणजे १२ च्या स्टडला १२ मिलिमीटर. दीडच्या पिचला ते आठ पूर्ण फेरे होतात, सव्वाच्या पिचला साडेनऊच्या वर. नट टेकल्यावर मोजत सोडवा, किती फेऱ्यांत हातात येतो ते बघा. कमी भरत असतील तर लांब स्टड बसवावे लागतात, किंवा ज्यांची बैठक भोकात खोल शिरते असे नट घ्यावे लागतात.

उलट बाजूही आहे. टोपीवाला बंद नट आखूड असेल आणि स्टड लांब, तर स्टडचं टोक टोपीच्या आत आपटतं. पाना कट्ट करून थांबतो, आपल्याला वाटतं आवळला, पण तो जोर टोपीवर गेलेला असतो, चाकावर नाही.

बोल्टच्या गाड्यांत लांबी आणखी जपून घ्यावी लागते. आखूड पडला तर आटे कमी धरतात. लांब झाला तर हबच्या मागे निघून हँडब्रेकच्या भागाला किंवा एबीएसच्या (ब्रेक लावताना चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) सेन्सरला घासतो. कंपनीचा बोल्ट, जुन्या चाकाच्या मधल्या भागाची जाडी आणि नव्याची जाडी, हे तिन्ही कॅलिपरने मोजा. जाडी जितकी वाढली तितकाच बोल्ट लांब. चाक हबपासून थोडं बाहेर सरकवायला मध्ये स्पेसर, म्हणजे जाड चकती, टाकत असाल तर त्याची जाडीही यात धरावी लागते. आहे त्या स्टडवर नुसता स्पेसर सरकवून दोन-तीन आट्यांवर चाक धरायचं हे कुठल्याही परिस्थितीत करू नका.

"पण चाक तर मधल्या भोकावर बसतं ना?"

कंपनीचं चाक, हो. त्याचं मधलं भोक हबच्या गोल उंचवट्यावर घट्ट बसतं आणि चाक आपोआप मध्यावर येतं. बाहेरचे अलॉय अनेक गाड्यांना चालावेत म्हणून त्यांचं भोक मोठं ठेवतात, बरेचदा ७३.१ मिलिमीटर. क्रेटाचा हब ६७.१ चा, स्विफ्टचा ५४.१ चा. उरलेली फट भरायला हब रिंग मिळते, प्लॅस्टिकची किंवा ॲल्युमिनियमची. ती भार पेलत नाही, फक्त आवळताना चाक मध्यावर धरते. पण तेवढ्यानेच सगळे नट आपापल्या बैठकीत सारखे बसतात. रिंग नसेल तर चाक एका बाजूला झुकून आवळलं जातं आणि महामार्गावर ऐंशी-नव्वदच्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं. दुकानदार मग पुन्हा पुन्हा बॅलन्सिंग करून देतो आणि थरथर तशीच राहते.

याच्याशी जोडलेलं दुसरं माप पीसीडी. सगळ्या भोकांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास म्हणजे पीसीडी. स्विफ्टचा ४ × १००, म्हणजे चार भोकं, १०० मिलिमीटरचं वर्तुळ. क्रेटाचा ५ × ११४.३, ऑक्टाव्हियाचा ५ × ११२. शेवटच्या दोघांत फरक इतका थोडा की चाक जोर लावून बसवता येतं. तसं बसवलेलं चाक प्रत्येक नटाला तिरपं टेकतं. दुकानात कुणी "दोन मिलिमीटरचाच तर फरक आहे" म्हणालं तर तिथून निघा.

"जेवढं घट्ट तेवढं चांगलं"

हा आक्षेप मी सगळ्यात जास्त ऐकतो, आणि त्यामागची भीती समजण्यासारखी आहे. चाक निघून जाईल या धास्तीने माणूस पान्यावर उभा राहतो. हिशेब करू. ७० किलोचा माणूस ३० सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकावर उभा राहिला तर साधारण २०६ न्यूटन मीटरचा पीळ पडतो. टोयोटाने सांगितलेल्या १०३ च्या बरोबर दुप्पट. इतक्या पिळाने १२ मिलिमीटरचा स्टड कायमचा ताणला जाण्याच्या हद्दीला पोचतो. ताणून लांबलेला स्टड मागे येत नाही, आणि मागे न येणारा स्टड चाक दाबत नाही. शिवाय पंक्चर झाल्यावर रस्त्यात तो नट तुमच्या हाताने सुटणारही नाही.

होंडा १०८ न्यूटन मीटर सांगते, फोक्सवॅगन पोलोला १२०, ह्युंदाईच्या बऱ्याच गाड्यांना १०७ ते १२७. तुमचा आकडा गाडीच्या पुस्तकात आहे. तो बघून टॉर्क पान्याने, म्हणजे ठरवलेला पीळ बसला की कळवणाऱ्या पान्याने, आवळून घ्या. हवेच्या गनने नुसतं टेकवायचं, शेवटचा जोर टॉर्क पान्याचा. दुकानात तो पाना नसेल तर आणायला सांगायला लाजू नका.

क्रमही महत्त्वाचा. चाक हवेत असताना सगळे नट हाताने टेकवायचे, मग समोरासमोरचे आळीपाळीने थोडे थोडे. पाच नट असतील तर एक सोडून एक. शेवटचा टॉर्क गाडी खाली टेकवून.

"तेल-ग्रीस लावलं तर गंजणार नाही"

आपल्याकडे पावसाळ्यात हे वाटणं साहजिक आहे. गगनबावड्याच्या किंवा आंबा घाटाच्या पावसात आठवडाभर गाडी फिरली की हबवर तांबूस थर येतो. पण पुस्तकातला आकडा कोरड्या, स्वच्छ आट्यांसाठी असतो. आवळताना लावलेल्या पिळातला बराच मोठा वाटा घर्षणातच जातो, स्टड ताणायला थोडाच उरतो. तेल लावलं की घर्षण घटतं आणि त्याच पिळाला दाब एक तृतीयांश किंवा त्याहूनही जास्त वाढू शकतो. म्हणजे टॉर्क पाना बरोबर आकडा दाखवतोय आणि स्टड जादा ताणला जातोय.

तेव्हा आटे आणि बैठक कोरडी. वायर ब्रशने गंज काढा, फडक्याने पुसा. हब आणि चाकाचा टेकणारा चेहराही घासून साफ करा, कारण गंजाचा पापुद्रा मध्ये राहिला तर तो चालत्या गाडीत चुरगळतो आणि दाब कमी होतो. चाक हबला चिकटतं ही तक्रार असेल तर मधल्या उंचवट्यावर अँटी-सीझ ग्रीसचा अगदी पातळ हात चालेल, फक्त तिथेच.

स्प्रिंग वॉशरची मागणीही होते. शंकूच्या किंवा गोल बैठकीत वॉशरला जागाच नाही. घातला तर बैठक जुळणारच नाही.

दिसायला छान नट

अलॉयची भोकं अरुंद असतील तर साधा सहाकोनी पाना आत जात नाही. त्यासाठी बारीक, बाहेरून खाचा असलेले नट मिळतात, ते वेगळ्या चावीने फिरतात. चांगल्या पोलादाचे असतील तर उत्तम. बोल्टच्या डोक्यावर १०.९ हा ताकदीचा दर्जा कोरलेला बघून घ्या. रंगीत ॲल्युमिनियमचे नट रोजच्या गाडीला नकोत, त्यांचे आटे लवकर झिजतात. वर पातळ चकचकीत पत्र्याची टोपी चढवलेले दोन तुकड्यांचे नटही टाळा. आत पाणी शिरून गंज फुगतो, टोपी फुगते आणि पाना बसेनासा होतो.

चोरीसाठी लॉक नट लावायचा तर एका चाकाला एक पुरे. त्यावर गन कधी लावू देऊ नका, खाचा मोडतात.

शंभर किलोमीटरनंतर, आणि स्टेपनी

नव्या चाकाच्या बैठकीवर रंगाचा थर असतो. पहिल्या प्रवासात तो दबतो आणि दाब थोडा उतरतो. म्हणून ५० ते १०० किलोमीटर झाले की सगळे नट पुन्हा टॉर्क पान्याने तपासायचे. कोल्हापूरहून कऱ्हाडपर्यंत गेलात तर तिथे पोचल्यावर चाकं गार होऊ द्या आणि तपासा. एखादा नट पुन्हा पुन्हा सैल सापडत असेल तर आवळत बसू नका. बैठक चुकली आहे किंवा स्टड ताणला गेला आहे, चाक उतरवून बघा.

शेवटची गोष्ट बहुतेक जण विसरतात. चार चाकं अलॉयची झाली, स्टेपनी मात्र अजून कंपनीची लोखंडी आहे. होंडाच्या स्टेपनीला गोल बैठकीचे नट लागतात. बोल्टच्या गाडीत अलॉयसाठी घेतलेले लांब बोल्ट पातळ लोखंडी रिममधून जास्त आत जाऊन ब्रेकला घासू शकतात. म्हणून कंपनीचे जुने नट किंवा बोल्ट दुकानात सोडून येऊ नका. एका चाकाला पुरतील इतके पिशवीत घालून स्टेपनीजवळ ठेवा, त्याच पिशवीत नव्या नटांची चावी ठेवा, आणि गाडीतला पाना दोन्ही नटांना बसतो का ते दुकानाच्या दारातच एकदा लावून बघा.